हाळाचे पाणी मागे सरले

मंडळी, यावर तुमच्यातला एकही विश्वास ठेवणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पण देव्हाळ्याच्या हाळातले पाणी एका बैलाला पाहून मागे सरले, हे खरे!

सांबोबा महाराज तेव्हा देव्हाळ्यास, गुरे पाणी पितात त्या दगडी हाळाजवळ उतरले होते. आसपासच्या गावांत खुरकुताची साथ होती. तोंडातून लाळेच्या तारा, खुरांत जखमा. आणि एकाच्या लाळेने अख्खा कळप जमिनीला बसे. महाराजांची भक्त सगुणा कोष्टीण हिच्या गाईला लाळ सुटली, तशी तिने गाय परसात बांधली आणि घागरीने पाणी पाजू लागली. येसाजी पाटलांनी भर पारावर विचारले, "काय गं, गाय बाजूला बसली वाटतं?" माणसे पोट धरून हसली.

पोळ्याच्या सकाळी पाटलांच्याच सर्जाला लाळ सुटली. हाळावर आधी पाटलांचा बैल पिणार, तोरणाखालून आधी तोच जाणार, हा पिढ्यांचा मान. पाटलांनी धोतराच्या सोग्याने त्याचे तोंड पुसले, खुरांना हळद थापली आणि निघाले. वाटेत पुन्हा पुसले. ओला सोगा मुठीत दडवला.

महाराज हाळाच्या कडेवर बसलेले. पाटलांना त्यांच्याकडे पाहवेना. सर्जाने मान खाली घातली, आणि पाणी मागे सरले! बैल पुढे वाके, तसे पाणी पलीकडच्या दगडाला चिकटून उभे राही. सगळे गाव सर्जाच्या तोंडाकडे पाहू लागले. लाळेची तार जमिनीला टेकली होती.

पाटलांना मेल्याहून मेल्यासारखे झाले. "महाराज, मुकं जनावर तहानलेलं आहे," एवढेच ते कसेबसे बोलले.

महाराज म्हणाले, "आजाऱ्याला आजाऱ्याशेजारी बांधा. सगुणेकडे घागर आहे."

भर गावातून पाटलांनी बैल माघारी नेला. सगुणेच्या दारात पागोटे काढून ते वाकले. तिने सर्जापुढे घागर कलती केली. त्या वर्षी देव्हाळ्यात आणखी एकही जनावर बसले नाही.

एवढे ऐकून मंडळी हात जोडणार, तोच पाटलांची म्हातारी नात मागून म्हणाली, "पाणी कुठलं सरतंय, बुवा? आजा स्वतः सांगायचा मला. महाराजांनी नुसतं विचारलं, 'पाजायचं का, पाटील?' कासरा आज्यानंच मागं ओढला."