पूजेतून उचललेली सुरी

शेरवंड्याच्या नदीवर पूल नव्हता, गावाला रस्ता नव्हता आणि माणसांना घाई नव्हती, अशा फार वर्षांपूर्वीच्या काळातली ही गोष्ट. तेव्हा गावात चिमाबाई लोहारीण राहायची. नवरा गेल्यावर भाता आणि घण दोन्ही तिनंच सांभाळले. तिच्या ऐरणीचा आवाज नदीपलीकडच्या वाडीत ऐकू जायचा आणि त्या ठेक्यावर तिथल्या बायका भाकऱ्या थापायच्या, असं म्हणतात. आता तो ठेका कुठला ऐकायला मिळणार! आता सुरी दुकानात मिळते, प्लॅस्टिकच्या पिशवीत.

चिमाबाईकडून सुरी घेणं म्हणजे सोयरीक जुळवण्यासारखंच होतं. गिऱ्हाईक आलं की ती आधी त्याचे हात पाण्यात बुडवायची. मग सांगायची, "डाव्या हातानं ह्यो खांब धर. आता डोळं मीट आन् उजव्यानं दोर काप." चकाकी बघायला आलेली माणसं वैतागायची. ती हसून म्हणायची, "कोरड्या हातानं, निवांत बसून सुरी कोण वापरतं? कांदा चिरणारा. अडचणीत माणसाचा एक हात कशाला तरी धरूनच असतो, बाबा."

त्या काळी गावातून पलीकडे जायला एकच होडी होती. या काठापासून त्या काठापर्यंत वाखाचा जाड दोर ताणलेला असायचा. होडी आखूड दोरानं त्याला अडकवलेली असायची, म्हणजे धारेला लागून वाहून जायची नाही.

आणि गावाची एक रीत होती. खंडेनवमीला घराघरातलं प्रत्येक पातं चिमाबाईच्या लोहारशाळेत यायचं. विळे, कोयते, सुऱ्या ऐरणीभोवती मांडायच्या, हळदकुंकू वाहायचं, झेंडूची फुलं ठेवायची. मग दुसऱ्या दिवशी दसऱ्याचं सोनं लुटेपर्यंत कुणी हत्याराला हात लावायचा नाही. वर्षभर राबलेल्या लोखंडाला एक दिवस विसावा! मला तर ही रीत अजूनही फार आवडते. नावाडीसुद्धा कमरेची सुरी काढून पूजेत ठेवायचा.

एका खंडेनवमीला वर डोंगरात हस्ताचा पाऊस कोसळला. गावात मात्र ऊन होतं, म्हणून कुणाला काही कळलं नाही. त्याच वेळी चिमाबाईची एकुलती एक लेक, राही, पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी येत होती. होडी नदीच्या मध्यावर आली आणि तांबडं पाणी भिंतीसारखं आलं. पाण्याबरोबर एक उन्मळलेला उंबर आला, होडी आणि दोर यांच्यामध्ये घुसला आणि तिथंच अडकला. होडी कलली. आखूड दोराची गाठ अशी आवळली की नावाड्याची नखं निघाली, पण ती सुटेना. होडीत पाणी शिरू लागलं.

"सुरी!" नावाडी ओरडला. "कुणीतरी सुरी आणा!"

सगळा गाव लोहारशाळेकडे धावला आणि उंबऱ्याशी थबकला. धोंडू गुरव दारात आडवा उभा राहिला. "पूजा मोडायची न्हाई, चिमे," तो म्हणाला. "देवाचा कोप हुईल. साऱ्या गावाला भोगावं लागंल."

"कोप माझ्या एकटीवर घेते, भावजी," चिमाबाई म्हणाली. "पाण्याला सण कळत न्हाई. बाजूला व्हा."

गुरव बाजूला झाला. तिच्यासमोर अख्ख्या गावाची हत्यारं होती. पाटलांचा चांदीच्या मुठीचा जंबिया होता, पण ओल्या हातात चांदी निसटते. जत्रेतला घडीचा चाकू होता, पण तो उघडायला दोन हात लागतात आणि तिचा एक हात दोरावर असणार होता. कोयता लांब आणि जड, तो घेऊन दोराला लोंबकळायचं कसं? तिनं एका कोपऱ्यातली बुटकी, ओबडधोबड सुरी उचलली. मोडक्या कानशीच्या पोलादाची, पातं मुठीतून पार शेवटपर्यंत गेलेलं, धार जरा खरबरीत, वाखात रुतणारी. दिसायला कुरूप म्हणून तिला कुणी नेलं नव्हतं. मुठीच्या भोकात चिमाबाईनं नाडी ओवली, नाडी मनगटाला बांधली, कासोटा खोचला आणि ती दोराला लागली.

ती हातावर हात टाकत मोठ्या दोरावरून गेली. पाणी तिच्या कमरेला ओढत होतं, छातीवर आदळत होतं. काठावरची माणसं देवाचं नाव घ्यायलाही विसरली.

"आये, परत फिर!" राही ओरडली.

"गप बस आन् होडी घट्ट धर," चिमाबाई म्हणाली.

डाव्या हातानं तिनं मोठा दोर धरला आणि उजव्यानं आखूड दोर कापायला घेतला. तेवढा वेळ नदी थांबली होती, असं म्हणतात. दोर तुटला, होडी उंबराखालून सुटली आणि वळणावरच्या वाळूला जाऊन टेकली. होडीतलं एकही माणूस दगावलं नाही. पण मोकळा झालेला उंबर फिरला आणि मोठा दोर चिमाबाईसकट घेऊन गेला.

राहीला त्याच वाळूवर मुलगी झाली. चिमाबाई कुणालाच सापडली नाही. पुराच्या पाण्यात खालचे धोंडे एकमेकांवर आपटतात ना, ती चिमाबाई काम करतेय, असं म्हणतात. मला ते खरं वाटतं. तसं वाटलं की बरं वाटतं.

पुढच्या खंडेनवमीला पुन्हा हत्यारं मांडली गेली. पूजा सांगायला धोंडू गुरव बसला. हळदीचं बोट त्यानं उचललं आणि तसंच खाली ठेवलं. मग मांडलेल्यातली एक सुरी त्यानं स्वतःच्या हातानं काढली आणि बाहेर जाऊन दाराच्या खुंटीला टांगली. परत आला तेव्हा त्याचे डोळे भरले होते.

आता होडी नाही, लोहारशाळा नाही, पुलावरून माणसं मोबाइलवर बोलत जातात. पण शेरवंड्यात आजही खंडेनवमीला प्रत्येक घर एक सुरी पूजेबाहेर, दाराशी ठेवतं. तिला हळद नाही, कुंकू नाही, फूल नाही. आणि त्या दिवशी परत येऊन पूजेला बसताना धोंडू गुरव जे बोलला, तेच घरातलं वडीलधारं माणूस हात जोडून म्हणतं:

"देवा, एक कमी हाय. ती कामावर हाय."