टोपीकराची मावशी आणि डंगरीचा ताका

"उद्यापासून डोंगरी गावचे सगळे माग बंद!" भानजीराजाने हुकूम सोडला आणि सगुणीच्या बापाचा, रावजी साळ्याचा, चेहरा खर्रकन उतरला.

भांडण एका जाड्याभरड्या कोऱ्या कापडाचं. एक इंग्रज टोपीकर त्याचा ताका काखोटीला मारून दरबारात आला होता. म्हणे, "महाराज, हे डंगरी! माझ्या मावशीनं विलायतेत विणलं. नावही तिनंच ठेवलं. हे साळी नुसती नक्कल करतात!" राजाला तो शब्द इतका आवडला, की त्याने आपल्या घोड्याचं नावही डंगरी ठेवून टाकलं.

सगुणीचं डोकं सणकलं. "महाराज, आमच्या डोंगरीत पिढ्यान्‌पिढ्या हेच विणतात!"

"मग सिद्ध कर! हा शब्द कुठं जन्मला ते दिवस मावळायच्या आत दाखव. साक्षीदार नको, पोथी नको. नाही जमलं तर माग चुलीत!"

बाप तिचा पदर ओढू लागला. सगुणीची नजर मात्र ताक्यावर. टोपीकराने तो वरवर चार हातच उलगडला होता. तिला हसूच फुटलं.

"महाराज, ताका शेवटपर्यंत उलगडा!"

ताका सुटला! प्रधानाच्या मांडीवरून, सेनापतीच्या पोटावरून, पायऱ्या उतरून थेट अंगणात! "डंगरी धरा रे!" राजा ओरडला, तर घोडाच खिंकाळला. शेवटच्या टोकाला कुंकवाचा लाल पंजा होता. बोटं सहा!

"नवा ताका विणायला घेतला की पहिल्या वितीवर घरच्या लेकीनं पंजा उमटवायचा, ही आमची रीत. ते टोक सगळ्यात आत राहतं," सगुणी म्हणाली आणि आपला उजवा हात पंजावर ठेवला. सहाच्या सहा बोटं नेमकी बसली.

"साहेब, मावशीला बोटं किती?"

"पा... पाच."

"मग नाव कुणी ठेवलं?" राजा गरजला.

टोपीकराने टोपी काढली. "बंदरावर कापड घेताना विचारलं, हे कुठलं? लोक म्हणाले, डोंगरीचं. माझी जीभच तेवढी वळली नाही, महाराज!"

राजा इतका हसला, की पगडी घरंगळून ताक्यामागे गेली.

"माग सुरू करा! आणि साहेब, यापुढे पंजा बघूनच ताका घ्यायचा! सोनारबुवा, या पोरीच्या बोटाबोटाला सोन्याची अंगठी घाला!"

सोनार मोजून दहा अंगठ्या काढू लागला. सगुणीने उजवा हात त्याच्या नाकासमोर नाचवला.

"अकरा, सोनारकाका!"