बांधातल्या पादुका

खडकण्याला आलेले पाहुणे सुभानराव देशमुखांची समाधी शोधतात. हातात हार असतो. गावातले लिंबाजीअण्णा त्यांना ओढ्यावरच्या बांधापाशी नेतात, भिंतीत बसवलेल्या पादुकांकडे बोट दाखवतात आणि हार बाजूला ठेवायला लावून गोष्ट सांगतात.

हा बांध सुभानरावांनी दुष्काळात घातला, असे सांगतात. बारा गावांचा कारभारी माणूस, पण बांधाच्या कामावर स्वतः डोक्यावरून दगड वाहायचा. ते दगड तिमाप्पा वडाराने बांधाच्या पायात बसवले. देशमुख गेले तेव्हा तिमाप्पा बाप गेल्यासारखा रडला म्हणे.

गाव तर भक्तीने वेडेच झाले. समाधी बांधायची ती मालकांचा हात लागलेल्या दगडांचीच, असा पंचांनी हट्ट धरला. असली अक्कल आमच्याच गावाला सुचायची! ते दगड कुठले, हे एकट्या तिमाप्पाला ठाऊक. बांधाखालीच त्याचे खोपट होते आणि बाळंतपणाला आलेली लेक नागू घरात होती.

"पायातला दगड हलवू नगा," तो म्हणाला.

"मालकांसाठी नाही म्हणतोस? त्यांचं अन्न विसरलास?" पंचांनी विचारले.

ते त्याच्या जिव्हारी लागले. दुसरेच दगड दाखवले असते तर कुणाला कळणार होते? पण मालकांच्या नावाने खोटे बोलायला त्याची जीभ रेटेना. त्याने खरे दगड दाखवले, स्वतः पहार घातली आणि खळगा मुरुमाने बुजवला. समाधी उभी राहिली. तिच्यावरच्या पादुकाही त्यानेच घडवल्या.

श्रावणात ओढ्याला लोंढा आला आणि बांध नेमका त्या खळग्यापाशी फुटला. भरदुपारी खालची वस्ती वाहून गेली. तिसऱ्या दिवशी नागू बाभळीत अडकलेली सापडली.

लेकीला माती देऊन तिमाप्पा तसाच समाधीवर गेला. एकेक दगड उपसून तो बांधाकडे नेऊ लागला. त्याला अडवायचे कुणाचे तोंड होते? पादुकांना हात घातला तेव्हा मात्र पंच आडवे आले. "मालकांचे पाय चिखलात घालतोस?"

"जित्तेपणी ते हितंच हुभे हुते," तिमाप्पा म्हणाला. "हितंच ऱ्हाऊ द्या. माझी लेक बी हितंच गेली."

आजही सुभानरावांच्या पुण्यतिथीला खडकण्यात हार नसतो, भाषण नसते. घरटी एकजण बांधावर पाटीभर माती टाकतो. पहिली पाटी वडारवाड्यातल्या माहेरवाशिणीची. आणि कुणी पादुकांपुढे नुसताच वाकला, तर लिंबाजीअण्णा त्याचा दंड धरून विचारतात, "माती आणलीस का?"