खुडूक कोंबडी हलवल्याची कहाणी

ऐक गं उबाई, उबेच्या देवी, तुझी कहाणी.

आटपाट नगर, त्याच्या वेशीपाशी एक वाडी. वाडीत कोंबड्यांची मर आली. माना टाकून सगळ्या गेल्या. उरली ती धाकट्या सुनेची, ठकूची कोंबडी, कवडी. कवडी खुडूक झाली, उबवायला कणगीआड बसली. आयाबायांनी जपलेली अंडी आणली, तिच्याखाली ठेवली. म्हणाल्या, "ठके, आता सगळं तुझ्या हाती."

मग काय झालं? कणगीआड मुंगूस दिसलं. ठकू घाबरली. भर दुपारी अंडी उचलली, कवडी उचलली, माजघरात डालग्याखाली ठेवली. कवडीनं कालवा केला, डालगं उलथलं, पुन्हा कणगीआड जाऊन रिकाम्या भुईवर बसली. कवडी तिकडे, अंडी इकडे. अंडी निवू लागली. ठकू रडू लागली.

तोच दारी म्हातारी आली. "बाई बाई, रडतेस का?" ठकूनं सांगितलं. "अगं, खुडूक उजेडी हलवू नये. उबाईचा वसा घे. अंडी पदरात पोटाशी धर, कवडीला राखत बस. उठू नको. अंधारलं की माजघरात पेंढ्यावर अंडी मांड, कवडीच्या डोळ्यांवर फडकं घाल, अलगद वर ठेव. चकार शब्द बोलू नको."

ठकू बसली. दूध उतू गेलं, ठकू उतली नाही. वासरू सुटलं, ठकू उठली नाही. मग सासू आली. "कार्टे, कोंबडी खुडूक झाली की तू? ऊठ, पानं वाढ!" शेजारणी हसल्या. ठकूला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण ठकू उठली नाही. मनात म्हणे, उबाई, आत जीव आहे का गं?

तिन्हीसांज झाली. सांगितलं तसं केलं. कवडी उभीच. कवडी एकदा फिरली, दोनदा फिरली, तिसऱ्यांदा चोचीनं अंडी ओढली नि बसली. ठकूनं वर अलगद डालगं झाकलं.

तरी ठकूचा जीव थाऱ्यावर नाही. निवलेल्या अंड्यांचं काय? रोज डालग्याला कान लावी. आत काही नाही. दिवस भरले, तरी काही नाही. सासू ओरडायला आली, तोंड उघडलं, तोच आत बारीक "चिंव" झालं. सासूनं तोंडावर हात ठेवला. दारात फतकल मारली, येईल तिला दटावू लागली, "हळू गं, आत बाळंतीण आहे." मग ठकूला म्हणाली, "ऊठ बाई, दोन घास खा. आता मी बसते."

उबाई ठकूला पावली, तशी तुम्हां आम्हां पावो. कुणाच्या पदराखालची ऊब निवू नये. साठां बोलांची कहाणी पाचा बोलांत सांगितली, उबाईच्या पायी सुफळ झाली.