नेच्याने मान टाकली

झाडं आणि पाखरं एकमेकांशी बोलत, त्या काळची गोष्ट. मालतीबाई गोडांब्यांच्या रोपवाटिकेत टांगलेल्या कुंडीतल्या नेच्याला एखाद्या बंगल्यात राहायला जायची भारी हौस होती. चैत्रात बुलबुलीने त्याच्या पानांआड घरटं करून तीन अंडी घातली, आणि दुसऱ्याच दिवशी गिऱ्हाईक आलं.

"हीच कुंडी द्या, व्हरांड्यात शोभेल!"

बुलबुली घाबरली. "नेचेदादा, आता माझ्या पिल्लांचं कसं?"

"तू बसून राहा," म्हणत नेच्याने सगळी पानं मलूल करून खाली सोडली.

"अगंबाई, हा तर सुकलाय!" गिऱ्हाईक दुसरी कुंडी घेऊन गेलं. नेच्याला क्षणभर वाईट वाटलं.

महिन्याने पिल्लं उडाली, तशी नेच्याने पानं पसरली. पाणी घालताना मालतीबाईंना रिकामं घरटं दिसलं.

"म्हणून मान टाकली होतीस होय!" त्या हसून म्हणाल्या.