वांग्याची तहान

"महाराज, आणखी किती पाणी द्यायचं?"

रत्नाकरच्या आवाजात तक्रार होती. शेतकीची पदवी घेऊन तो मठात आला, तेव्हापासून भाजीचा मळा त्याच्याकडे होता. रोपाला रोज सहा लिटर, एक दिवस खाडा नाही. तरी वांगी पिवळी पडत होती. आणि खाली, त्याच झऱ्यावर भिजणारा अनसाबाईंचा मळा सुकत चालला होता.

सहजगिरी महाराज घेवडा निवडत बसले होते.

"तू सहा लिटर देतोस. वांगं पितं किती?"

रत्नाकरने वाफ्याकडे पाहिलं.

"मोजलं नाहीस?"

"मी दिलेलं मोजतो, महाराज."

महाराज उठले. त्यांनी एक वांगं मुळांच्या मातीसकट पत्र्याच्या डब्यात लावलं, पाणी घातलं आणि डबा कोठीतल्या वजनकाट्यावर ठेवला.

"वजन लिहून ठेव आणि डबा मळ्यात नेऊन ठेव. रोज सकाळी वजन कर. जेवढं घटेल, तेवढंच पाणी घाल."

रत्नाकरला हा पोरखेळ वाटला. पण गुरूंचा शब्द. आठ दिवस त्याने डबा उचलून काट्यावर नेला. घट भरायची दीड किलो, फार तर थोडी इकडेतिकडे. म्हणजे रोप आणि ऊन मिळून घेत होते दीड लिटर.

मग बाकीचं...?

त्याने वाफ्यात हात घातला. कोपरापर्यंत गार चिखल. मुळांना कुजका वास.

तसाच तो उतारावरून खाली गेला.

"अनसाबाई, आजपासून पाणी लवकर सोडतो तुमच्याकडे. मीच जास्त अडवत होतो."

"मला वाटलं, झराच आटला," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी त्याच्या ओंजळीत मूठभर मिरच्या घातल्या. वर येताना तो पहिल्यांदाच मळ्याकडे न बघता आला, गुणगुणत.

तीन आठवड्यांत वांग्यांना हिरवीगार पानं फुटली. खालचा मळाही सावरला.

रत्नाकरने एक पाटी रंगवून आणली. मोठ्या अक्षरांत, 'रोपाला दीड लिटर'.

"मळ्याच्या तोंडाशी लावतो, महाराज. आता कुणाला विचारायला नको."

रंग अजून ओला होता. महाराजांनी पाटी हातात घेतली, कौतुकाने वाचली, आणि उपरण्याच्या टोकाने आकडा शांतपणे पुसून टाकला.

"हे कालचं झालं. आज विचारलंस रोपाला?"