निजणारा ठेंगू आणि पेटीआत्या

फार मागची नाही, सडका डांबरी झाल्यानंतरची गोष्ट. एका ट्रकच्या इंजिनात सहा दट्टे, म्हणजे पिस्टन, भावंडं वर-खाली नाचायची. कुणी नाचायचं, कुणी निजायचं हे ठरवणारी विजेची पेटी म्हणजे पेटीआत्या; तिचा सगळा जीव तेलात. सपाट रस्ता लागला की ती म्हणायची, "ठेंगू, नीज बाळा, तेल वाचेल." निजून निजून धाकट्या ठेंगूच्या अंगावर काजळी चढली.

एकदा कलिंगडांनी भरलेला ट्रक घाटात मागे सरकू लागला.

"ऊठ रे ठेंग्या!" थोरली ताई ओरडली.

"अंग आखडलंय गं!" ठेंगू रडवेला झाला.

गेनूमामा ड्रायव्हरने पेटीआत्याचं बटणच बंद केलं. "आता कुणी निजायचं नाही!"

ठेंगू खोकला, त्याने भसकन काळा धूर सोडला आणि जो नाचत सुटला, तो ट्रक माथ्यावर पोचेपर्यंत.

सपाटी आली. ताई म्हणाली, "दमलास, नीज हवं तर."

ठेंगू उडी मारत हसला, "आत्या निजलीय ना, तेवढं पुरे!"